पत्रं आपली, पेटी परक्याची

ईमेल म्हणजे पत्रच, फक्त पोस्टमन नको, असं आपण वीस-पंचवीस वर्षं म्हणत आलो. मला ते आता पटेनासं झालंय. कागदावरचं पत्र वाचायला ते ज्या पेनने लिहिलं ते पेन लागत नाही. ईमेलचं तसं नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये ती साठवली तो प्रोग्रॅम गेला की बहुतेक लोकांच्या लेखी पत्रंही गेली. फाईल डोळ्यांसमोर असते, चांगली दोन-तीन गिगाबाइट वजनाची असते, आणि डबल क्लिक केलं की संगणक आपल्यालाच विचारतो, ही कशात उघडू?

हे संगणकवाल्यांचं दुखणं आहे, साहित्य-संस्कृतीवाल्यांनी त्यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. म्हणूनच एक खरी गोष्ट सांगतो.

आमच्या वाड्यावर एक भाई आहेत. एका खाण कंपनीत हिशेबाच्या कामाला होते. पण भाईंचा खरा जीव जत्रेच्या नाटकात. वीसेक वर्षं त्यांनी गावात नाटकं बसवली. लेखकांची परवानगी मागणं, कुठला प्रवेश कापावा यावर दिग्दर्शकाशी भांडणं, पडदेवाल्याशी घासाघीस, मुंबईला नोकरीला गेलेल्या गावच्या नटाने ‘यंदा रजा मिळत नाही’ म्हणून कळवणं, हा सगळा पत्रव्यवहार भाई कचेरीतल्या ईमेलवरून करायचे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. भाईंची नोकरी गेली, ईमेलचं खातं कंपनीने बंद केलं, आणि हिशेब चुकता करताना जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला. त्या लॅपटॉपवर आउटलुकची एक ओएसटी फाईल राहिली. शहरातल्या एका दुकानदाराने ती बघून सांगितलं, "खातं चालू नाही ना, मग ह्यातलं काय मिळायचं नाही." भाईंनी लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला. तो पुढे कितीतरी वर्षं तिथेच होता.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण पूर्ण खरंही बोलला नाही. ही ओएसटी काय भानगड आहे ते जरा सविस्तर सांगायला हवं. कचेरीतली मूळ पत्रं असतात कंपनीच्या सर्व्हरवर. नेट नसतानाही काम चालावं म्हणून आउटलुक त्यांची एक नक्कल आपल्या संगणकावर करून ठेवतं, ती ओएसटी. पीएसटी वेगळी. पीएसटी म्हणजे स्वतंत्र गाठोडं, ते उचलून दुसऱ्या संगणकावरच्या आउटलुकमध्ये सोडता येतं. ओएसटी मात्र ज्या खात्याची असते त्याच खात्याला बांधलेली. खातं मोडलं की आउटलुक तिला ओळखही दाखवत नाही. गंमत म्हणजे दोघींची आतली घडण जवळजवळ एकच आहे. फाईलची पहिली चार चिन्हंसुद्धा तीच, एक उद्गारचिन्ह आणि मागोमाग बी, डी, एन. म्हणजे पत्रं आत शाबूत असतात. अडचण अक्षर न लागण्याची नसतेच, दारावरच्या माणसाने आत न सोडण्याची असते.

अशी फाईल नोटपॅडमध्ये टाकून पाहिली तर गिचमिड दिसते, आणि माणूस समजतो की काहीतरी भयंकर कुलूप आहे. तसं काही नसतं. पीएसटीमध्ये सहसा प्रत्येक बाइटच्या जागी ठरलेला दुसरा बाइट बसवलेला असतो, बस्स. आपण लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचो तसलाच प्रकार. पीएसटीला घातलेला पासवर्डसुद्धा मजकूर झाकत नाही, फक्त आउटलुकला ‘विचारल्याशिवाय उघडू नकोस’ एवढं सांगतो. (खाजगी गोष्टी त्या पासवर्डच्या भरवशावर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) ही रचना काही हौशी प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या डोक्याने उलगडली होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती स्वतःच जाहीर केली. लिबपीएसटी, लिबपीएफएफ अशी फुकट साधनं त्यातून उभी राहिली आहेत. त्यांना आउटलुक लागत नाही, खातं लागत नाही, सर्व्हर लागत नाही.

भाईंच्या फाईलचं काम माझ्या भाच्याने केलं. तो इंजिनियरिंगचा विद्यार्थी. आधी फाईलची नक्कल काढली आणि मूळ फाईलला हातसुद्धा लावला नाही. मग लिबपीएफएफमधल्या पीएफएफएक्सपोर्ट या साधनाला ती दिली. पत्रामागून पत्र बाहेर येत गेलं. प्रत्येकाचा वेगळा कप्पा, त्यात मजकूर एका फाईलमध्ये, कुणाकडून-कुणाला-केव्हा हे दुसऱ्या, जोडलेले कागद तिसरीकडे. एका संध्याकाळचं काम होतं ते. भाई शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. दिवंगत झालेल्या एका नटाचं नाव दिसलं तेव्हा त्यांनी भाच्याला थांबायला सांगितलं आणि ते पत्र दोनदा वाचलं. पत्रात काय होतं? दुसऱ्या अंकातला कोट मला घट्ट होतो, एवढंच.

असल्या पत्रांना काय किंमत, असं विचारणारे भेटतात. गोव्यातल्या माणसाने तरी ते विचारू नये. आपल्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. दरवर्षी गलबतांच्या मोसमाबरोबर लिस्बनहून येणाऱ्या आणि इथून जाणाऱ्या पत्रांचे ग्रंथच्या ग्रंथ तिथे आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचे धागे पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्याच कागदांतून काढले. तिथले मोडी कागद आज शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना वाचता येत नाहीत, हे खरं. पण मोडीची बाराखडी कुणाच्या मालकीची नाही. ज्याला हवी त्याने शिकावी, कागद उलगडावा. पत्राचं वय चारशे वर्षं असो की वीस, वाचणाऱ्याला परवानगी कुणाकडे मागायची नाही. आपल्या काळातली पत्रं त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आहेत आणि आधी मुकी होतील, याची मला खरी भीती वाटते.

कारण साधारण २००० ते २०१० या काळातल्या मराठी पत्रव्यवहाराचं काय झालं ते बघा. त्याआधीची अंतर्देशीय पत्रं ट्रंकेत आहेत, वाळवी लागली तरी अर्धी तरी वाचता येतात. नंतरच्या काळातलं बरंचसं जीमेलसारख्या ठिकाणी आहे, निदान पासवर्ड असेपर्यंत. मधल्या दहा वर्षांत आपल्याकडचे संपादक, शिक्षक, नाट्यमंडळांचे चिटणीस विंडोज ९८ नाहीतर एक्सपीवर आउटलुक एक्सप्रेस वापरत होते. त्याच्या डीबीएक्स फाईली एका लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असत. संगणक बदलताना मुलांनी ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतलं आणि बाकीची डिस्क भंगारात दिली. पत्रं तिथेच राहिली. व्हिस्टापासून आउटलुक एक्सप्रेस गेलं, एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला. ज्यांच्याकडे त्या जुन्या डिस्का अजून असतील त्यांनी अनडीबीएक्स नावाचं फुकट साधन शोधावं. ते डीबीएक्समधून एकेक पत्र साध्या ईएमएल फाईलमध्ये काढून देतं.

प्रोग्रॅम मरण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते मरणारच. मरताना पत्रं सोबत न्यायची की मागे ठेवायची, एवढाच प्रश्न. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी युडोरा नावाचा ईमेल प्रोग्रॅम लिहिला. नाव युडोरा वेल्टी या लेखिकेवरून ठेवलं, कारण घरच्यांशी भांडून पोस्टात राहायला गेलेल्या बाईवर तिची एक कथा आहे. (कलाशाखेच्या माणसाला एवढं पुरेसं आहे प्रेमात पडायला!) युडोराचा जमाना कधीच संपला. पण ती पत्रं साध्या मजकुरात, एकाखाली एक लिहून ठेवायची, एमबॉक्स पद्धतीने. त्यामुळे तिची टपालपेटी आजही नोटपॅडमध्ये उघडते. थंडरबर्डही तीच पद्धत वापरतं. दोघांच्याही पत्रांना उद्या कुणी वाली उरला नाही तरी वाचणाऱ्याचं अडणार नाही.

सरकारी कचेरीत आमच्याकडे आवक-जावक बारनिशी असते. कुठला कागद कुणाकडून आला, कुणाला गेला, कोणत्या तारखेला, हे त्यात नसेल तर कागद असून नसल्यासारखा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं सातवं कलम ईमेलबद्दल हेच सांगतं. नोंद नंतर वापरता येईल अशी उपलब्ध हवी, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर नेमका दाखवणाऱ्या स्वरूपात हवी, आणि कुठून कुठे, कधी हे कळायला हवं. माहिती अधिकार कायद्याने २००५ साली ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेल नाव घेऊन घातली आहे. मग निवृत्त माणसाचं खातं बंद करताना त्याची टपालपेटी साध्या स्वरूपात उतरवून दप्तरी लावायला हवी की नको? टेबलाचा ड्रॉवर रिकामा करून घेताना आपण चाव्यांचीसुद्धा पावती घेतो. आपल्या साहित्य संस्था आणि ग्रंथालयं लेखकाच्या घरून पुस्तकं आणि हस्तलिखितं आणतात, तेव्हा त्यांनी कपाटावरच्या लॅपटॉपचीही चौकशी करावी. घरच्यांनी आधी पत्रं चाळून खाजगी ती बाजूला काढावीत हे ओघाने आलंच, ट्रंकेच्या बाबतीतही आपण तेच करतो.

आणि एक विनंती. ‘फाईल चढवा, आम्ही उघडून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ठिकाणी कुणाची टपालपेटी चढवू नका. तिच्यात तुमच्या एकट्याची नाही, तुम्हाला लिहिणाऱ्या प्रत्येकाची पत्रं असतात. काही विकाऊ साधनं यादी दाखवतात आणि मजकुरासाठी पैसे मागतात, तेही आधी तपासा.

भाईंचं काम मात्र पुरतं झालेलं नाही. युनिकोडमधली पत्रं स्वच्छ मराठीत आली, रोमन लिपीतली मराठी होती तशी आली. पण काही नाटकांच्या संहिता जुन्या फाँटात टंकलेल्या आहेत. फाईल उघडते, आणि समोर दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस नि टक्क्यांची चिन्हं. मजकूर आहे, फाँट नाही. दोन संहिता शिवाजी फाँटातल्या निघाल्या, त्या लागल्या. उरलेल्या तिघींचा फाँट अजून ओळखू येत नाही. डीटीपीचा जुना धंदा केलेल्या कुणाकडे त्या काळातल्या फाँटांच्या सीडी पडून असतील तर जरूर कळवा, यंदाच्या जत्रेला त्यातलं एक नाटक लावायचं भाईंच्या मनात आहे.