उभयतांचे माथेरान

यंदा मे महिन्यात आम्ही उभयता माथेरानला गेलो. मुलांवाचून प्रथमच! १९०७ साली सुरू झालेली नेरळची चिमुकली गाडी भरलेली; मग दस्तुरी नाक्यापासून तांबड्या मातीतून पायीच निघालो. पुढे मोटारींना मज्जाव. (आमच्यापाशी मोटार नाही, त्यामुळे हा नियम मला फार पसंत आहे.) शार्लोट तलावापाशी ही मटकन खालीच बसली. चार महिने गुडघा दुखत होता म्हणे!

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“अहो, बोलले असते तर आला असतात का?”

मी गप्प. बेत मोडायला मला निमित्तच हवे होते. घोडेवाल्याला हाक मारली, घासाघीस न करता तिला वर बसवले. घासाघीस तिने वरूनच केली.