भयाचा पंचनामा

नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या भूमीला जे हादरे बसू लागले, त्यांची नोंद हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने यंत्रांवर घेतली आणि भिंतींना गेलेल्या तड्यांचे पंचनामे महसूल खात्याने केले. परंतु धुंदलवाडी, हळदपाडा, सासवंद, दापचरी या परिसरातील माणसांच्या मनात जे भय त्या काळात ठाण मांडून बसले, त्याला पंचनाम्याच्या छापील नमुन्यात रकाना नसतो. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले आणि घराबाहेर धाव घेताना एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी छप्पर असूनही थंडीच्या रात्री अंगणात आणि सरकारी तंबूंत काढल्या.

व्यसनांचा विचार करणाऱ्या या स्तंभात भूकंपाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे आहे.

जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर अधिक चिन्हाच्या आकाराची एक चौकट उभारलेली असते. तिच्या चार बाहूंपैकी दोहोंना भिंती असतात, दोन उघडे असतात. उंदीर मध्यभागी सोडला की पाच मिनिटांत त्याची प्रकृती कळते. धीट उंदीर उघड्या बाहूच्या टोकाशी जाऊन खाली डोकावतो, चिंताग्रस्त उंदीर भिंतींच्या आडोशाला अंग चोरून राहतो. याच कसोटीने उंदरांची विभागणी करून फ्रेंच संशोधकांनी त्यांना निरनिराळ्या खुणांच्या खोल्या असलेल्या पिंजऱ्यात ठेवले, त्यांतील एकीशी कोकेनचा अनुभव जोडून दिला, आणि पुढे कोकेन न देता उंदीर कोठे रेंगाळतो ते पाहिले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा की भित्र्या उंदरांना त्या खोलीची ओढ अधिक होती. त्यापूर्वी बोर्दो येथे पियाझा, ल मोआल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते की ज्या उंदरांच्या शेपटीला वारंवार चिमटा काढला जातो, ते ॲम्फेटामीन स्वतःहून घेण्याच्या सवयीला इतरांपेक्षा लवकर वश होतात. भय आणि पीडा यांनी मशागत केलेल्या मेंदूत उत्तेजकाचे बीज सहज रुजते.

परंतु मला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो कॅलिफोर्नियातील एटनबर्ग यांचा प्रयोग. सरळ, लांब मार्गाच्या शेवटी उंदराला कोकेन मिळते. प्रारंभी तो वेगाने धावतो. पण काही दिवसांच्या अनुभवानंतर तोच उंदीर अर्ध्या वाटेवर थबकतो, वळून मागे जातो, पुन्हा पुढे येतो, पुन्हा माघार घेतो. चिंता शमविणारे डायझेपाम दिले असता ही माघार कमी झाली. म्हणजे जे द्रव्य सुख देते तेच पाठोपाठ भयही देते, आणि ते जाणूनसुद्धा प्राणी अखेर त्याच्याकडेच जातो.

उंदरावरून माणसाकडे येताना जपून यावे हे खरे, आणि कोकेन आपल्या पाड्यांवर कोठले! पण तंबाखूतील निकोटीन हेही उत्तेजकच. डहाणूच्या किनारपट्टीपासून तलासरीच्या नाक्यापर्यंत टपरीटपरीवर ते पुडीत मिळते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, साध्या तंबाखूवर नाही. तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर नखभर चुना, अंगठ्याने मळणे, एक थापटी, आणि मग ओठाआड: चुन्याच्या क्षारामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. घटकाभर जीव थाऱ्यावर येतो. दोनेक तासांत रक्तातील निकोटीन निम्म्यावर येते, अंगात पुन्हा तगमग सुरू होते, आणि जो माणूस आधीच जमिनीच्या गडगडाटाकडे कान लावून बसला आहे, किंवा ज्याच्या घरातला खलाशी गुजरातच्या मासेमारी बोटीवरून पाकिस्तानच्या हाती सापडून कराचीच्या तुरुंगात गेला आहे, त्याला ही तगमग आपल्या काळजीचीच वाटते आणि हात पुडीकडे जातो. 2014 मध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात 26 अभ्यासांचा जो एकत्रित आढावा आला, त्यात धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता ते चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेने घटलेली आढळली. तो आढावा धूम्रपानाचा असला तरी निकोटीन तेच; पुडी चिंतेवरचा उतारा नव्हे, हे पाड्यावरच्या माणसाला कोणीतरी नीट समजावून सांगावयास हवे.

सांगणारे येतात ते कर्करोगाचे भित्तिचित्र घेऊन. भयाने ग्रासलेल्या माणसाला आणखी एक भय दाखवावयाचे आणि त्याने पुडी टाकावी अशी अपेक्षा धरावयाची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि वरील प्रयोग पाहता निरुपयोगीही. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 26.6 टक्के तंबाखू सेवन करणारे निघाले. एवढ्या लोकांना केवळ दरडावून चालणार नाही. शिवाय सरकारी तजवीज अशी की तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा क्रमांक निराळा, मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा निराळा. दुखणे एक आणि दारे दोन.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. यापुढे धक्का बसून तलाठी भिंतीची चीर मोजावयास निघाला, तर त्याच्याबरोबर आशा कार्यकर्तीलाही पाठवावे, आणि तिने प्रत्येक घरी तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: रात्री झोप लागते काय, छपराखाली निजवते काय, आणि दिवसाला पुड्या किती लागतात. ज्या घरी तिन्ही उत्तरे काळजीची असतील, त्या घराचा कागद तहसील कचेरीच्या दप्तरात न ठेवता डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे गेला पाहिजे, आणि तेथे पुडीची व भयाची विचारपूस एकाच माणसाने, एकाच बैठकीत केली पाहिजे.