श्रम आज, वसुली उद्या!

बालमित्रांनो, ठाकूरद्वारच्या चाळीतले जिने चढून दम लागला, तर आपण घोटभर पाणी पितो आणि पुन्हा खेळायला पळतो. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हा आजार असलेल्याचं तसं नसतं. पाडव्याच्या शोभायात्रेत तो हसतखेळत चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र त्याला अंथरुणातून उठवणार नाही. अंग दुखतं, डोकं चालत नाही, रात्रभर झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. अभ्यासाच्या श्रमानेही असं होतं, बरं का!

म्हणून काल हसणारा मित्र आज गैरहजर दिसला, तर त्याला 'नाटकी' म्हणू नका. 'व्यायाम वाढव, बरा होशील' असंही नको. या आजारात ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये, असं इंग्लंडच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२१ साली सांगितलं आहे.

मग करायचं काय? शक्ती खाऊच्या पैशांसारखी पुरवून वापरायची. दमण्याआधीच थांबायचं. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळा अभ्यास उरकायचा नाही.

पालकहो, महिनोन्महिने थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय, थायरॉइड यांचीही तपासणी लागते.

आणि मुलांनो, त्याला वही घरी नेऊन द्याल ना?