फर्स्ट क्लास नावाचा प्रीमियम प्लॅन

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात प्रीमियम प्लॅन विकायला गेलं की ग्राहक पहिला प्रश्न विचारतो : जादा पैशांत हमी कशाची देताय? हाच प्रश्न मुंबई लोकलच्या साध्या, बिगर-एसी फर्स्ट क्लासला विचारा. उत्तर येईल : कशाचीच नाही.

मे 2022 मध्ये फर्स्ट क्लासच्या एकेरी तिकिटाचे दर उतरले. किमान भाडं 50 रुपयांवरून 25 वर आलं. सेकंड क्लासचं किमान भाडं 5 रुपये. म्हणजे अजूनही पाचपट. त्या पाचपटीत मिळतं काय? गाडी तीच, वेळ तीच. तिकिटावर सीट नंबर नाही. गादी जरा बरी, पण सकाळी साडेआठला डोंबिवलीला चढून त्या गादीवर बसायला मिळेल तर ना! बहुतेकांच्या वाट्याला उभं राहणंच येतं, फक्त रेटारेटी थोडी कमी.

वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्याला हवी तेवढी नावं ठेवा, पण तिथला व्यवहार सरळ आहे. चेअर कारमध्ये एका रांगेत पाच खुर्च्या, एक्झिक्युटिव्हमध्ये चार, आणि खुर्ची तुमच्या नावावर. महाग वाटलं तर घेऊ नका.

‘माझे पैसे, माझी सोय, तुला काय त्रास?’ असं मित्र विचारतात. गुडघे दुखणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी जरूर पास काढावा. त्यांना तेवढी मोकळीकही मोलाची आहे. माझं भांडण आपल्यासारख्या धडधाकट पगारदारांशी आहे.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. ती दारातली गर्दी फर्स्ट क्लासने कमी होत नाही. उलट काही जागा कमी माणसांसाठी राखली की बाकीचे उरलेल्या डब्यांत कोंबले जातात.

खरे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. बाराऐवजी पंधरा डबे लावले की एका फेरीत 25 टक्के जागा वाढते. सिग्नल यंत्रणा सुधारली की दोन गाड्यांमधलं अंतर कमी करता येतं. पण त्यासाठी फलाट लांबवावे लागतात, पैसा लागतो आणि सतत पाठपुरावा करणारी माणसं लागतात. ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं असे आपण मात्र दरमहा जादा पैसे भरून गर्दीतून अर्धं पाऊल बाजूला सरकतो आणि गप्प बसतो. बसतो कसले, गप्प उभे राहतो.