बांधलेल्या पोहण्याची बाजू

कमरेला पट्टा, पट्ट्याला रबरी दोरी, दोरीचं दुसरं टोक शिडीला. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये असं कुणी दिसलं की शेरा ठरलेला: "जागच्या जागी हात मारायचे, याला काय पोहणं म्हणायचं?" शेरा मारणारे बहुधा मोठ्या तलावात शिकलेले, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. पोहणं म्हणजे पाणी कापत पुढे जाणं. अंतरच कापलं नाही तर मोजणार काय? शिवाय दोरीमुळे हाताची ढब बिघडते.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे येऊच. पहिला मात्र आपल्या उपनगरांना लावून बघा. अंधेरी-बोरिवलीच्या टॉवरमधला पूल अनेकदा बारा-पंधरा मीटरचा, काही ठिकाणी तोही वाकडातिकडा, शोभेसाठी काढलेला. १२ मीटरच्या पूलमध्ये एक किलोमीटर म्हणजे ८३ फेऱ्या. दर फेरीला भिंतीला पाय रेटून चार मीटर तरी आपण नुसते सरकतो. म्हणजे किलोमीटरातले सव्वातीनशेहून जास्त मीटर भिंतीच्या खात्यावर. पुढे पाच-सहा हात मारले की परत भिंत. श्वासाची लय लागते न लागते तोच वळा! हे सगळं 'अंतर' म्हणून मिरवायचं आणि दोरीवाल्याच्या सलग वीस मिनिटांना नाटक म्हणायचं, हा कुठला न्याय? मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धेत उतरणाऱ्याला वाटेत कुठली भिंत लागते?

"मग मोठ्या तलावात जा की!" जावंच. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल किंवा मुलुंडचं प्रियदर्शिनी, तिथल्या तलावांची सर आपल्या पूलला नाही. पण बॅचची वेळ ठरलेली, आणि घाटकोपरहून सव्वाआठची लोकल गाठणाऱ्याला ती रोज जमेलच असं नाही. त्याच्यापुढे दोरी की तलाव असा प्रश्नच नसतो. दोरी की काहीच नाही, एवढाच असतो.

आता ढबीचं. पोहणाऱ्याला बांधून त्याचा जोर मोजण्याची पद्धत क्रीडाशास्त्रात अर्धशतकाहून जुनी आहे. पण तिथे मोजतात तो जोर, वेग नव्हे. दोरी विकणारे नेमकं हेच गाळतात. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, म्हणून वेगवान पोहणं ही मुख्यतः अंग सरळ, निमुळतं ठेवण्याची कला. ती पुढे सरकतानाच अंगी बाणते. जागेवर असताना अंगावरून पाणी वाहत नाही, उचल मिळत नाही, पाय खाली जातात. मग माणूस घाबरून हात भराभर चालवतो. म्हणून दोरी ताणून लढाई करायची नाही. हाताचा वेग नेहमीचाच राहील इतपतच ताण ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी मोकळं पोहायचं. नवशिक्याने तर दोरीच्या वाटेला जाऊच नये. पण ज्याचा हात बसलेला आहे, त्याचा दम आणि खांद्यांची ताकद दोरीवर टिकते. पालिकेचा तलाव दुरुस्तीला बंद पडला तरी टिकते.

सोसायटीच्या कमिट्या दोरीवर बंदी घालतात, तेव्हा कारण सुरक्षिततेचं देतात. ते अगदीच पोकळ नाही. क्लोरीन आणि उन्हाने रबराला बारीक भेगा पडतात. दोरी अंगठ्याने ताणून पाहिली तर त्या स्पष्ट दिसतात. अशी दोरी ऐन जोरात तुटली की फटका पाठीवर. शिडीचे बोल्ट ढिले असले तर तीही हलते, आणि थांबलेल्या माणसाला रबर मागे खेचतं तेव्हा घोटे पायरीवर आपटतात. पण याला उपाय बंदी नव्हे. शिडीपासून दूर, काठाच्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलची एक पक्की कडी बसवावी, दोरी एका कोपऱ्यातच वापरू द्यावी आणि भेग दिसली की ती दोरी फेकायला लावावी. पूलकाठच्या एका आरामखुर्चीपेक्षा खर्च कमीच येईल, आणि त्या खुर्च्यांवर नाहीतरी टॉवेलच वाळत असतात.