अठ्ठ्यांची जोडी आणि फिफ्टी-फिफ्टीची थाप

"फिफ्टी-फिफ्टी होतं रे, नशीबच फुटकं!"

पोकरच्या टेबलावर हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. हातात अठ्ठ्यांची नाहीतर नव्व्यांची जोडी, सगळ्या चिप्स मध्ये ढकललेल्या, समोरच्याकडे निघतो एक्का-राजा, बोर्डावर पडतो राजा, आणि हा बाबा नशिबाला शिव्या घालत चहा टाकायला उठतो. त्याच्या मते तो बरोबर खेळला, फक्त हरला. माझ्या मते तो खेळलाच नाही.

आमच्या मानपाड्यात (डोंबिवलीतला हो, घोडबंदर रोडवरचा नव्हे, हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागणार) शनिवारी रात्री पोकर चालतो तो नुसत्या चिप्सवर. हरलेल्याने वडापाव आणायचे, एवढंच. त्यामुळे कुणाचं घरदार बुडत नाही. पण वाक्य तेच, आणि हेच वाक्य खऱ्या पैशांवर खेळणारेही म्हणतात. म्हणून हा प्रपंच.

ज्यांचं पत्त्यांचं शिक्षण मेंढीकोट आणि बदाम सातवर थांबलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पाच पानं येतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, मग शेवटचं एक. सातातली सर्वोत्तम पाच तुमची. दर टप्प्याला बोली. नो-लिमिट म्हणजे कुठल्याही बोलीला समोरची सगळी रास लावता येते. सत्तीपासून दश्शीपर्यंतची जोडी ही मधली जोडी, आणि तिच्यापेक्षा मोठं पान म्हणजे ओव्हरकार्ड.

आता 'फिफ्टी-फिफ्टी' आलं कुठून? गणितातूनच आलं, आणि तेवढं गणित बरोबर आहे. दोन अठ्ठ्या विरुद्ध वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा, तर अठ्ठ्या साधारण ५५ टक्के वेळा जिंकतात. एक्का-राजा एकाच रंगाचे असतील तर ५२ टक्के. म्हणजे जवळपास नाणेफेकच. पण हा आकडा दोन अटींवर उभा आहे आणि त्या अटी कुणी वाचत नाही. (आपण अॅप टाकताना 'आय अॅग्री' दाबतो तसंच.)

पहिली अट: पाचही पानं बघायला मिळणार, म्हणजे फ्लॉपच्या आधीच सगळं लागलेलं. तसं नसेल तर चित्र वेगळंच. हातात अठ्ठ्या असताना फ्लॉपच्या तीन पानांत निदान एक ओव्हरकार्ड येण्याची शक्यता ८७ टक्के आहे. दश्श्या असल्या तरी जवळजवळ ७० टक्के. आणि तुमची तिसरी अठ्ठी फ्लॉपवर येणार साडेआठ वेळांत एकदा. तेव्हा मधली जोडी घेऊन फ्लॉप बघायचा तर राणी किंवा राजा बघून काय करायचं हे आधी ठरवून ठेवायला हवं. आपल्याकडे ते राणी आल्यावर ठरतं, तेही समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून.

दुसरी अट जास्त महाग पडते: समोरच्याकडे एक्का-राजाच आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं? समजा एक घट्ट खेळणारा गडी आहे. दश्शी आणि त्यावरच्या जोड्या किंवा एक्का-राजा असेल तरच तो सगळं लावतो. दश्शीपासून एक्क्यापर्यंत पाच प्रकारच्या जोड्या, प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते, म्हणजे ३०. एक्का-राजा येतो १६ प्रकारे. एकूण ४६ पैकी ३० वेळा समोर मोठी जोडी, आणि तिथे अठ्ठ्यांना जेमतेम १९ टक्के आहेत. सगळ्याची सरासरी काढा, सुमारे ३२ टक्के येते. तुम्ही ज्याला नाणं म्हणताय ते तीनदा उडवलं तर दोनदा त्याच्या बाजूने पडतं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस फक्त हॅपी पाथ टेस्ट करून कोड थेट प्रॉडक्शनला टाकतोय. सर्व्हर पडला की म्हणतो, लक खराब.

याच्या उलट दुसरी जमात आहे, ती फ्लॉपवर मोठं पान दिसलं की जोडी टाकून मोकळी. यांना वाटतं हे शहाणपण. पण ज्याच्याकडे खरंच एक्का-राजा आहे त्यालाही फ्लॉपवर एक्का किंवा राजा लागतो तीनात एकदाच. दोनदा तोही फुसका बार घेऊनच बसलेला असतो आणि तुम्ही त्याला पॉट फुकट देऊन टाकता. राणी टेबलावर आहे म्हणजे ती त्याच्या हातातही आहे असं नाही. त्याने आधी बोली कुठून वाढवली, तो कितव्या जागेवर बसलाय, आतापर्यंत किती हात खेळला, याची उत्तरं नसतील तर टाकणंही नाणेफेकच.

फिल आयव्हीचा किस्सा पोकरवाले नेहमी सांगतात, आणि नेहमी अर्धाच सांगतात. २००३ ची वर्ल्ड सिरीज, लास वेगास. दहा जण उरलेले. आयव्हीकडे नव्व्यांची जोडी, ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. (आडनाव खरंच मनीमेकर. ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला.) फ्लॉप आला राणी, छक्की, राणी. चौथं पान नव्वी, आयव्हीचं फुल हाउस, सगळ्या चिप्स मध्ये. शेवटचं पान एक्का, आयव्ही बाहेर. सगळ्यांना तो एक्का आठवतो: केवढं दुर्दैव! खरं आहे, त्या क्षणी मनीमेकरला ४४ पैकी ७ च पानं वाचवू शकत होती. पण त्याच्या आधीचं पान? दोन राण्यांच्या बोर्डावर नव्व्या मागे होत्या आणि आयव्हीला हवी असलेली पानं उरली होती फक्त २. फ्लॉपवरचा तो कॉल बरोबर की चूक यावर तासभर वाद घाला, मी येतो. पण तो वाद कुणी घालत नाही, कारण एक्क्याला शिव्या देणं सोपं.

मग मधली जोडी घेऊन ऑल-इन करूच नये का? करावं की! स्पर्धेत तुमच्याकडे दहा बिग ब्लाइंड उरलेत, तुमच्या आधी कुणी हात घातला नाही, तर अठ्ठ्या बेलाशक ढकला. पण कारण नीट समजून घ्या. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात: सगळ्यांनी पानं टाकली तरी पॉट तुमचा, कुणी आलं तर पत्त्यांवर. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणाऱ्याला एकच रस्ता. पानं तीच, टक्के तेच, पण निर्णय वेगळा. आणि शंभर बिग ब्लाइंड समोर असताना त्याच अठ्ठ्यांवर सगळं लावणं म्हणजे पाखरू मारायला तोफ.

आता खरा राग कशाचा ते सांगतो. माझ्या ओळखीतल्या एकाने एका अॅपवर वर्षभरात बाइकचे पैसे घालवले. घरी सांगायचा, "आई, हा जुगार नाही, स्किल गेम आहे." मित्रांना सांगायचा, "कॉइन फ्लिप हरलो रे." अरे, एक काहीतरी ठरव! सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पोकर कुठल्या बाजूचा यावर कोर्टांचंच एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाच्या बाजूला टाकलं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या कायद्याने तर वादच मिटवला: ऑनलाइन पैशांचा खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, बंद. मोठ्या अॅप्सनी पैशांची टेबलं गुंडाळली.

तेव्हा ट्रेनमध्ये, कँटीनमध्ये केवढा आरडाओरडा: आमच्या कौशल्यावर अन्याय! त्यातले निम्मे तरी तेच, अठ्ठ्या मिळाल्या की डोळे मिटून ढकलणारे. कायदा योग्य की अयोग्य हा वेगळा लेख होईल. पण तुमच्या खेळात कौशल्य कुठे होतं ते आधी दाखवा. पोकरमध्ये कौशल्य आहे, माझा त्यावर ठाम विश्वास आहे, पण ते पानं उघडण्याच्या आधी असतं: ढकलायचं, थांबायचं की टाकायचं ते ठरवताना. ते वापरलंच नाही तर उरते ती तीन पत्ती, फक्त दोन पत्ते जास्त.

तेव्हा मंडळी, पुढच्या शनिवारी हातात नव्व्या आल्या तर चिप्सना हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारा. समोरचा काय काय घेऊन असं खेळेल? दोघांकडे किती चिप्स आहेत? राणी पडली तर मी काय करणार? उत्तरं देऊन हरलात, तर वडापाव मी आणतो. उत्तरं न देता हरलात, तर निदान नशिबाला नावं ठेवू नका. ते बिचारं त्या हातात खेळतच नव्हतं :)