खांबावर चढणारा पोरगा आपल्या गावचा का नसावा?



पावसाळा लागला की खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला झाडं तारेवर पडतात आणि गावंच्या गावं अंधारात जातात. आपण काय करतो? सेक्शन ऑफिसला फोन लावतो. लागला नाही तर शिव्या घालतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "हेस्कॉम झोपलंय" म्हणून टाकतो. रात्री कधीतरी लाइट येते आणि आपण विसरतो. ती आणायला भर पावसात रानातनं कोण चाललं, कुठल्या खांबावर चढलं, हे कुणी विचारत नाही.

मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दरवर्षी दहावीच्या पोरांना विचारतो, पुढं काय? उत्तरं ठरलेली असतात. सायन्स, कॉमर्स, डिप्लोमा, पोलीस, मिलिटरी. ज्यांना मार्क कमी पडणार असं वाटतं ती खाली मान घालून म्हणतात, "बघू सर, शिनोळीला नाहीतर गोव्याला जाईन कंपनीत." लाइनमन हे उत्तर मला अजून एकाही बाकावरून ऐकू आलेलं नाही. पोरांना हे काम नको असतं असं मला वाटत नाही. त्यांना ते कुणी दाखवलेलंच नाही. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की आपल्या मराठी हायस्कुलांनी आठवी-नववीपासूनच विजेच्या लाइनवरच्या कामाची ओळख करून दिली पाहिजे.

आधी हे काम काय आहे ते बघा. सबस्टेशनातून ११,००० व्होल्टची लाइन निघते, ती गावातल्या टीसीपर्यंत येते. (कोल्हापूरकडं याच टीसीला डीपी म्हणतात.) टीसी तो दाब उतरवून घरात २३० आणि मोटारीला ४०० व्होल्टच्या आसपास देतो. १०० केव्हीएचा टीसी घ्या. ११,००० च्या बाजूला त्याच्यातून जेमतेम सव्वापाच अँपिअर वाहतात आणि गावाच्या बाजूला तोच टीसी १३३ अँपिअरपर्यंत देतो. दाब जास्त तर धारा कमी, धारा कमी तर तार बारीक चालते आणि तापून वाया जाणारी वीजही कमी. दहावीच्या पुस्तकातला विद्युतधारेचा धडा शाळेसमोरच्या खांबावर असा उभा आहे, आणि आपण तो फळ्यावर बॅटरी-बल्ब काढून संपवतो. तारांच्या जाडीला रॅबिट, वीझल, डॉग अशी प्राण्यांची नावं आहेत, एवढं सांगितलं तरी मागच्या बाकावरची पोरं मान वर करतात.

या कामात नुसती ताकद चालत नाही, डोकं लागतं. आधी सबस्टेशनकडून लाइन क्लिअर घ्यायचं. एबी स्विच उघडायचा. तार खरंच मेली आहे का ते टेस्टरनं बघायचं. मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, आणि मगच तारेला हात. ज्यानं लाइन क्लिअर घेतलं त्यानंच ते परत द्यायचं. यातली एक पायरी चुकली तर माणूस जातो. कुणीतरी घरातला जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला असेल, तर त्याची वीज उलटी टीसीत शिरते आणि वर परत ११,००० व्होल्ट तयार होतात. लाइन बंद आहे म्हणून चढलेल्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून ते अर्थिंग. जो पोरगा ही साखळी डोक्यात ठेवू शकतो तो 'ढ' नाही, हे आपल्या पालकांना आणि काही शिक्षकांनाही एकदा नीट समजावून सांगायला पाहिजे.

आता वाट कशी आहे ते सांगतो.

कर्नाटकात ऑक्टोबर २०२४ मध्ये केपीटीसीएल आणि वीज वितरण कंपन्यांसाठी २,९७५ जागांची जाहिरात निघाली. त्यातल्या २,५४२ जागा ज्युनिअर पॉवरमनच्या होत्या. शिक्षण फक्त एसएसएलसी. निवड दहावीच्या गुणांवर आणि शारीरिक चाचणीवर. चाचणीत ८ मीटर खांबावर चढणं सक्तीचं. शिवाय १०० मीटर १४ सेकंदांत, ८०० मीटर ३ मिनिटांत, दोरीवरच्या उड्या, गोळाफेक. हे वाचून तुमच्या वर्गातली चार नावं डोळ्यांसमोर आली की नाही? रोज पहाटे मिलिटरी भरतीसाठी पळणारी आपली पोरं आहेतच. त्यांना फक्त एवढं माहीत नाही की दहावीचा एकेक मार्क इथं थेट मोजला जातो. "भरतीला मार्क लागत नाहीत" म्हणून नववीतच वही मिटणारा पोरगा ही वाट स्वतःच बंद करून घेतो.

महाराष्ट्रात महावितरण 'विद्युत सहायक' भरती काढतं. तिथं दहावीबरोबर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो. २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १५,०००, मग १६,०००, मग १७,०००, आणि पुढं तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. महाराष्ट्र शासनाच्या भरत्यांमध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांना अर्ज करायची सोय असते, पण त्यासाठी रहिवासाचा दाखला लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही, आधी काढून ठेवा. गोव्यात वीज हे सरकारी खातंच आहे, पण तिथं कोकणी आणि रहिवासाची अट आडवी येते. नियम दर भरतीला थोडे बदलतात, तेव्हा मूळ जाहिरात स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

आयटीआय हा कमीपणा समजू नका. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे. वायरमनचं परमिट काढलं तर सरकारी नोकरी नाही लागली तरी गावात स्वतःचं काम करता येतं. मोटारी, शेड, घरं, आता छपरावरचं सोलर. उद्यमबागेतल्या कारखान्यांनाही इलेक्ट्रिशियन लागतोच.

आता एक अवघड गोष्ट. हेस्कॉममध्ये काम करायचं तर कन्नड यायलाच पाहिजे. सबस्टेशनातला माणूस फोनवर कन्नडमध्ये सांगणार, नोंदी कन्नडमध्ये असणार. लाइन कुठली बंद केली आणि कुठली चालू आहे हे चुकीचं समजलं तर काय होतं ते वर सांगितलंच. आपल्या भाषेच्या हक्काबद्दल आपलं जे मत आहे ते राहू दे, ते सोडायला मी सांगत नाही. पण त्या रागापोटी कन्नडचा पेपर कोरा ठेवला तर नुकसान आपलंच. मराठीत शिकलेला, कन्नड बोलणारा, गावातल्या म्हातारीला मराठीत "आजी, मीटरला हात लावू नका" म्हणून सांगणारा लाइनमन आपल्या भागाला पाहिजे. तो आपल्यातनंच तयार होणार.

धोका लपवून मी कुणाला या वाटेला लावणार नाही. लाइनवर माणसं मरतात, हात गमावतात. त्यातही ठेकेदाराकडं रोजंदारीवर जाणाऱ्या पोरांचे हाल जास्त. हातमोजे नाहीत, सेफ्टी बेल्ट नाही, पीएफ-ईएसआय कागदावर. म्हणूनच ओळख शाळेत व्हायला पाहिजे. ज्याला लाइन क्लिअर म्हणजे काय हे माहीत आहे, तो "चढ रे, लाइन बंद आहे" म्हटल्यावर चढत नाही. तो आधी विचारतो, अर्थिंग कुठाय? असा प्रश्न विचारायची हिंमत शिकवणं हे शाळेचंच काम आहे.

आणि पोरींनो, हे तुमच्यासाठीही आहे. तेलंगणात जाहिरातीत बायकांना जागाच नव्हती. तिथल्या पोरी हायकोर्टात गेल्या, खांबावर चढून दाखवलं, आणि २०२२ मध्ये बब्बुरी शिरीषा त्या राज्याची पहिली लाइनवुमन झाली. महावितरणमध्ये मराठी बायका आज खांबावर चढून काम करतात. आपल्या शाळेतल्या कबड्डी खेळणाऱ्या पोरींना ८ मीटर काही फार नाहीत.

मग शाळेनं काय करायचं? खर्च जवळपास शून्य. ४ मार्चला लाइनमन दिवस असतो. त्या दिवशी गावच्या लाइनमनला शाळेत बोलवा, नारळ-शाल द्या आणि तासभर बोलू द्या. दहावीची परीक्षा तोंडावर असते, तर आठवी-नववीला बसवा. वर्षातनं एकदा सेक्शन ऑफिसची परवानगी काढून पोरांना सबस्टेशन दाखवा, कुंपणाबाहेरून का होईना. जवळच्या आयटीआयमध्ये अर्धा दिवस न्या. पालकसभेत भरतीची जाहिरात वाचून दाखवा. आणि एक नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या, की शिकल्याशिवाय आणि लाइन क्लिअरशिवाय कुणीही खांबाला हात लावायचा नाही, टीसीचा फ्यूज घालायला तर अजिबात जायचं नाही.

तुम्ही माजी विद्यार्थी असाल तर तुमच्या शाळेच्या हेडमास्तरांना या आठवड्यात एक फोन करा. तुम्ही स्वतः लाइनवर काम करत असाल तर शाळेत जाऊन उभे राहा, तुमच्यासारखं मला सांगता येणार नाही. आणि नववी-दहावीत असाल तर उद्या शाळेला जाताना तुमच्या टीसीवर किती केव्हीए लिहिलंय ते लांबूनच वाचा आणि विज्ञानाच्या सरांना विचारा. तिथनं सुरुवात होते.